अंत्यविधि-व्यवसाय, अमेरिकेतील

मृत व्यक्तीचे प्रेत ताब्यात घेणे, ते अंत्यदर्शनासाठी सिद्ध करणे, मृत्यूची नोंद करून दफनाचा वा दहनाचा परवाना मिळविणे आणि आप्तांच्या इच्छेनुसार अंत्यविधीची सर्व व्यवस्था लावणे, हा ज्यांचा उपजीविकेचा व्यवसाय आहे, त्यांस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘फ्यूनरल डायरेक्टर’ म्हणजे अंत्यविधि-व्यवस्थापक म्हणतात. प्रेत काही काळ कुजू नये म्हणून त्याच्या रक्तवाहिन्यांत रासायनिक द्रव्ये भरण्याच्या क्रियेस शवसंलेपन किंवा एंबामिंग असे नाव असून ती करणाऱ्यास शवसंलेपक म्हणतात. पुष्कळदा एकच व्यक्ती ही दोन्ही कामे करते. तथापि कायद्याच्या दृष्टीने ती भिन्न आहेत आणि काही राज्यांत त्यांचे परवानेही वेगवेगळे दिले जातात. आप्त व शेजारी यांनी करावयाचे हे काम परवानाधारक व्यावसायिकाकडे सोपविण्याची पद्धत तेथे गेल्या सुमारे दीडशे वर्षांत रूढ झाली. या परवान्याचे समर्थन आरंभी सार्वजनिक आरोग्याच्या आधारे करण्यात आले. त्याचा पुढील इतिहास पाहता मात्र त्यामागील खरी निकड निराळी असल्याचे दिसते. शोकमग्न कुटुंब प्रेत परक्याच्या हवाली करते, पुढे बंद दाराआड काय होते ते त्याला पाहता येत नाही आणि ज्याचे ते प्रेत असते, तो तक्रार करू शकत नाही.

पूर्वपीठिका : प्राचीन ईजिप्तमधील ममी तयार करण्याची कला धार्मिक श्रद्धेतून निर्माण झाली होती. आधुनिक शवसंलेपनाचा उगम मात्र यूरोपातील शारीरशास्त्राच्या अभ्यासात आहे. विच्छेदनासाठी प्रेते टिकविण्याच्या गरजेतून डच शारीरशास्त्रज्ञ फ्रेडरिक रॉइश (१६३८–१७३१) व ब्रिटिश वैद्य विल्यम हंटर (१७१८–८३) यांनी रक्तवाहिन्यांत परिरक्षक द्रव्ये भरण्याचे प्रयोग केले. फ्रेंच रसायनज्ञ झां निकोला गानाल (१७९१–१८५२) याने ॲल्युमिनियमच्या लवणांचा उपयोग करून हे तंत्र शवविच्छेदनगृहाबाहेर, सामान्य कुटुंबांच्या अंत्यविधीत आणले. त्याने १८३८ मध्ये लिहिलेल्या शवसंलेपनाच्या इतिहासाचे इंग्रजी भाषांतर १८४० साली फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाले व त्यामुळे अमेरिकन वैद्यांना या तंत्राची ओळख झाली. या काळी आर्सेनिकाचाही वापर होत असे. विषप्रयोगाने झालेल्या मृत्यूचा पुरावा त्यामुळे नष्ट होण्याचा धोका होता. शवसंलेपकाच्या कामाचा न्यायदानाशी असलेला संबंध येथे प्रथम स्पष्ट झाला.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अंत्यविधी हा घरातील व गावातील व्यवहार होता. प्रेताला स्नान घालणे, वस्त्रे नेसविणे ही कामे बहुधा शेजारच्या अनुभवी स्त्रिया करीत. शवपेटी गावचा सुतार करून देई आणि घोडागाडी भाड्याने मिळे. पुढे लाकडी सामानाचे दुकानदार शवपेट्यांबरोबर गाडी, खुर्च्या, काळी वस्त्रे इ. साहित्यही पुरवू लागले. सर्व व्यवस्था अंगावर घेणारा म्हणून त्यास ‘अंडरटेकर’ हे नाव मिळाले.

यादवी युद्ध : घरापासून शेकडो किमी. दूर पडलेल्या सैनिकांची प्रेते आप्तांकडे पोहोचविण्याची गरज अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) उत्पन्न झाली आणि शवसंलेपनाला मोठी चालना मिळाली. मे १८६१ मध्ये व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथे कर्नल एल्मर एल्सवर्थ हा मारला गेला. तो राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन याचा स्नेही होता. डॉ. टॉमस होम्स (१८१७–१९००) याने त्याच्या प्रेतावर शवसंलेपन केले व ते व्हाइट हाउसमध्ये दर्शनासाठी ठेवण्यात आले. युद्धकाळात आपण ४,०२८ प्रेतांवर ही क्रिया केली व त्याबद्दल प्रत्येकी १०० डॉलर घेतले, असे होम्स सांगत असे. सामान्य सैनिकाचे मासिक वेतन प्रथम १३ व नंतर १६ डॉलर असण्याच्या त्या काळी ही रक्कम फार मोठी होती.

एवढा नफा दिसताच रणभूमीजवळ शवसंलेपकांचे तंबू उभे राहिले. त्यांत कुशल वैद्य होते, तसेच भोंदूही होते. अवाजवी पैसे उकळल्याच्या, पैसे मिळेपर्यंत प्रेत अडवून ठेवल्याच्या आणि काम निकृष्ट केल्याच्या तक्रारी लष्कराकडे येऊ लागल्या. १८६५ च्या आरंभी जनरल युलिसिस ग्रँट याच्या सेनेने शवसंलेपकांची अनुमतिपत्रे काढून घेतली. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात युद्ध खात्याने सामान्य आदेश क्र. ३९ काढला. सैनिकांच्या प्रेतांवर शवसंलेपन करू इच्छिणाऱ्याने आपल्या कौशल्याचा पुरावा देऊन लष्करी अधिकाऱ्याकडून परवाना घ्यावा आणि ठरवून दिलेल्या दरांनीच मोबदला घ्यावा, असे त्यात फर्माविले होते. अमेरिकेतील शवसंलेपनाच्या परवान्याचे हे आद्य रूप होय. त्याच्या मुळाशी रोगराईचे भय नव्हते. शोकग्रस्तांची होणारी फसवणूक थांबविणे हा त्याचा हेतू होता.

एप्रिल १८६५ मध्ये लिंकनची हत्या झाली. त्याचे संलेपन केलेले प्रेत आगगाडीने वॉशिंग्टनहून इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे, सु. २,६६० किमी. अंतरावर नेण्यात आले. वाटेत बॉल्टिमोर, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क, क्लीव्हलंड, शिकागो इ. शहरांत लक्षावधी लोकांनी त्याचे दर्शन घेतले. शवसंलेपन म्हणजे काय, हे सामान्य अमेरिकन जनतेने या प्रवासात प्रत्यक्ष पाहिले.

व्यवसायाचे संघटन : युद्धानंतर शवसंलेपन काही काळ मागे पडले आणि प्रेत बर्फात ठेवण्याची रीत बराच काळ टिकून राहिली. ऑगस्ट रेनुआर याची १८७८ सालची पुस्तिका, रासायनिक द्रव्ये विकणाऱ्या कंपन्यांचे फिरते शिक्षक व १८८२ मध्ये सिनसिनॅटी येथे जोसेफ क्लार्क याने काढलेले विद्यालय यांमुळे या विद्येचा प्रसार झाला. शिक्षण प्रथम काही दिवसांचेच असे व अखेरीस प्रमाणपत्र दिले जाई. मिशिगन राज्यातील व्यावसायिकांनी १८८० मध्ये आपली संघटना स्थापन केली आणि १८८२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे राष्ट्रीय संघटना निर्माण झाली. ‘अंडरटेकर’ या शब्दाऐवजी ‘फ्यूनरल डायरेक्टर’ हा शब्द या संघटनेने पुरस्कारिला. ‘मॉर्टिशियन’ ही संज्ञा १८९५ मध्ये एका व्यावसायिक नियतकालिकाने सुचविली. ‘फिजिशियन’ या शब्दाशी तिचे असलेले साम्य हेतुपुरस्सर होते. दुकानदाराचा दर्जा सोडून वैद्य व वकील यांच्या पंक्तीस बसण्याची आकांक्षा तीतून व्यक्त होते.

परवाना-कायदे : शवसंलेपनाचे नियमन करणारा पहिला राज्य-कायदा १८९४ मध्ये व्हर्जिनियाने केला. त्यानुसार परीक्षा घेणारे मंडळ स्थापन झाले व परीक्षा उत्तीर्ण झाल्याविना शवसंलेपन करणे बेकायदेशीर ठरले. पुढील काही दशकांत इतर राज्यांनी त्याचे अनुकरण केले. या प्रसारामागे दोन कारणे होती. सांसर्गिक रोगाने मेलेल्या व्यक्तींची प्रेते आगगाडीने नेताना ती मान्यताप्राप्त शवसंलेपकाने सिद्ध केलेली असावीत, असा रेल्वे कंपन्या व राज्य आरोग्य मंडळे यांचा आग्रह होता. दुसरे कारण व्यवसायाच्या हिताचे होते. परवान्यामुळे नवख्यांची व स्वस्तात काम करणाऱ्यांची स्पर्धा कमी होत असे. राज्य मंडळांवर बहुसंख्य सभासद स्वतः व्यावसायिकच असल्याने लोकहित व व्यवसायहित यांची सरमिसळ आरंभापासूनच झाली.

आरोग्यविषयक युक्तिवाद पुढे दुबळा ठरला. पटकी, इबोला यांसारखे काही रोग वगळता प्रेतामुळे साथ पसरण्याचा धोका अल्प असतो, हे आता सर्वमान्य आहे. बहुतेक राज्यांत शवसंलेपन सामान्यतः सक्तीचे नाही आणि अनेक प्रसंगी शीतगृहाने तेच कार्य साधते. ज्यू व मुस्लिम धर्मपरंपरांत शवसंलेपन टाळले जाते.

शिक्षण व परीक्षा : प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. सर्वसाधारणपणे अंत्यविधिविज्ञानाचा सु. दोन वर्षांचा पदविका-अभ्यासक्रम, परवानाधारकाच्या हाताखाली एक ते दोन वर्षांची उमेदवारी आणि राष्ट्रीय व राज्य पातळीवरील परीक्षा या पायऱ्या ओलांडाव्या लागतात. मिनेसोटा विद्यापीठात १९०८ पासून हा विषय शिकविला जातो. अभ्यासक्रमात शारीर, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, विकृतिविज्ञान, चेहऱ्याची पुनर्रचना, हिशेबलेखन, अंत्यविधिविषयक कायदा व शोकाचे मानसशास्त्र यांचा समावेश होतो. राष्ट्रीय परीक्षेचे कला व विज्ञान असे दोन भाग असतात. अनेक राज्यांत परवान्याच्या नूतनीकरणासाठी पुढील शिक्षण घेतल्याचा दाखला द्यावा लागतो.

व्यावसायिकाची कर्तव्ये : मृत्यूची वार्ता कळताच प्रेत हलविण्यापासून व्यवस्थापकाचे काम सुरू होते. मृत्यूचे कारण वैद्य वा मृत्युसमीक्षक प्रमाणित करतो. मृताचे नाव, वय, जन्मस्थान, आईवडिलांची नावे इ. तपशील कुटुंबाकडून मिळवून मृत्युपत्रक निबंधकाकडे मुदतीत दाखल करणे, ही जबाबदारी व्यवस्थापकाची असते. त्यानंतर दफनाचा, दहनाचा अथवा प्रेतवाहतुकीचा परवाना मिळतो. मृत्यू संशयास्पद असेल, तर अधिकाऱ्यांची अनुज्ञा मिळाल्याखेरीज प्रेतावर कोणतीही क्रिया करता येत नाही. कारण शवसंलेपनाने रक्त काढून टाकले जाते व विषपरीक्षा कठीण होते.

प्रेताची ओळख निश्चित करणे व ती अखेरपर्यंत टिकविणे हे सर्वांत मूलभूत कर्तव्य होय. त्यासाठी प्रेतावर ओळखपट्टी बांधतात. दहनाच्या वेळी प्रेताबरोबर धातूची क्रमांकित चकती ठेवतात व ती पुढे अस्थींसोबत राहते. प्रेत ही सामान्य अर्थाने मालमत्ता नव्हे. परंतु त्याचा ताबा घेऊन अंत्यविधी करण्याचा हक्क निकटच्या आप्ताला असतो. मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९१ मध्ये ‘लार्सन विरुद्ध चेस’ या खटल्यात पतीच्या प्रेतावरील विधवेचा हा हक्क मान्य केला आणि त्याचा भंग झाल्यास मानसिक यातनांबद्दल भरपाई मागता येते, असे ठरविले. व्यवस्थापकाचा ताबा हा या हक्काधीन असून तो केवळ विश्वस्ताचा असतो.

या विश्वस्तपणाची कसोटी १९५५ मध्ये लागली. एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची मिसिसिपी राज्यात निर्घृण हत्या झाली. तेथून शवपेटी बंदच ठेवण्याच्या अटीवर ती शिकागोस पाठविण्यात आली होती. परंतु त्याच्या आईने ती उघडण्याचा आग्रह धरला व शिकागोतील कृष्णवर्णीय व्यवस्थापक ए. ए. रेनर याने तो मानला. उघड्या पेटीतील विद्रूप प्रेत हजारो लोकांनी पाहिले व त्याच्या छायाचित्रांनी नागरी हक्कांच्या चळवळीला बळ दिले. अमेरिकेत अंत्यविधीतही वर्णभेद पाळला जात असल्याने कृष्णवर्णीयांचा स्वतंत्र अंत्यविधि-व्यवसाय वाढला होता. गोऱ्या ग्राहकांवर अवलंबून नसलेल्या या व्यावसायिकांना त्यामुळे समाजात नेतृत्वाचे स्थान लाभले.

यांखेरीज प्रेतासंबंधी गुप्तता पाळणे, अगोदर भरलेल्या अंत्यविधि-शुल्काची रक्कम राज्याच्या नियमांप्रमाणे सुरक्षित ठेवणे व सांसर्गिक रोगांविषयी दक्षता घेणे ही कर्तव्ये आहेत. १९८०–९० च्या दशकात एड्सने मरण पावलेल्यांची प्रेते स्वीकारण्यास काही व्यावसायिकांनी नकार दिला. अपंगांविषयी भेदभाव करण्यास बंदी घालणाऱ्या १९९० च्या संघीय कायद्यात अंत्यविधिगृहांचा स्पष्ट उल्लेख आहे.

शवसंलेपनाची रीती : सामान्यतः मानेतील ग्रीवा रोहिणीतून यंत्राच्या साहाय्याने द्रव आत सोडतात व जवळच्या नीलेतून रक्त बाहेर काढतात. त्यानंतर पोकळ सुईसारख्या उपकरणाने छाती व पोट यांतील द्रव शोषून घेऊन तेथे तीव्र परिरक्षक भरतात. द्रवात फॉर्माल्डिहाइड, मिथेनॉल, आर्द्रता राखणारी द्रव्ये व रंग असतात. विसाव्या शतकाच्या आरंभी आर्सेनिकाची जागा फॉर्माल्डिहाइडने घेतली. या क्रियेने विघटन लांबते. ते कायमचे थांबत नाही. तसे आश्वासन देणे हा नियमभंग ठरतो. फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये घोषित केले. अमेरिकेत कामाच्या जागेच्या हवेतील त्याच्या प्रमाणावर १९८७ पासूनच्या नियमांनी मर्यादा घातली असून वायुवीजनाची जबाबदारी मालकावर असते.

किंमती व ग्राहकसंरक्षण : जेसिका मिटफर्ड हिचा ‘द अमेरिकन वे ऑफ डेथ’ हा ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला व अतिशय गाजला. महागड्या शवपेट्या गळ्यात मारणे, शवसंलेपन कायद्याने आवश्यक असल्याचे भासविणे, एकच ढोबळ किंमत सांगून तपशील दडविणे यांवर तिने प्रखर टीका केली. परवाना असूनही ग्राहकाची फसवणूक होऊ शकते, हे तिने दाखवून दिले. संघीय व्यापार आयोगाने दीर्घ चौकशीनंतर केलेला अंत्यविधि-नियम १९८४ मध्ये अंमलात आला. त्यानुसार प्रत्येक सेवेची व वस्तूची किंमत दर्शविणारे पत्रक विचारणाऱ्यास द्यावे लागते व दूरध्वनीवरही किंमत सांगावी लागते. शवसंलेपनाच्या शुल्कासाठी सामान्यतः कुटुंबाची पूर्वसंमती लागते आणि थेट दहनासाठी शवपेटीची सक्ती करता येत नाही. १९९४ च्या सुधारणेने बाहेरून घेतलेल्या शवपेटीवर जादा आकार लावण्यास मनाई केली.

शवपेटी विकण्यासाठीही व्यवस्थापकाचा परवाना हवा, असे काही राज्यांचे कायदे होते. २००२ मध्ये टेनेसीचा व २०१३ मध्ये लुइझियानाचा असा निर्बंध संघीय अपील न्यायालयांनी रद्द केला. लुइझियानाच्या खटल्यात वादी एका बेनेडिक्टाइन मठातील संन्यासी होते; ते साध्या लाकडी पेट्या करून विकत. ज्या पेटीत प्रेत ठेवण्याचीही कायद्याने सक्ती नाही, ती विकण्यासाठी शवसंलेपनाच्या शाळेचा परवाना कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. ओक्लाहोमाचा तसाच कायदा मात्र दुसऱ्या अपील न्यायालयाने २००४ मध्ये वैध ठरविला. व्यवसायाला संरक्षण देणे हेदेखील राज्याचे वैध उद्दिष्ट असू शकते, असे त्याचे मत पडले.

परवान्याची आवश्यकता : परवाना म्हणजे केवळ मक्तेदारी, असा निष्कर्ष यावरून काढता येत नाही. फेब्रुवारी २००२ मध्ये जॉर्जिया राज्यातील नोबल या गावी एका दहनगृहाच्या आवारात दहन न केलेली ३३४ प्रेते सापडली. कुटुंबांना रक्षा म्हणून भलतीच भुकटी देण्यात आली होती. हे दहनगृह अन्य अंत्यविधिगृहांसाठी काम करीत असे. त्याला परवाना नव्हता व त्याची नियमित तपासणीही होत नव्हती. या घटनेनंतर जॉर्जियाने आपला कायदा कडक केला. कोलोरॅडोने १९८३ मध्ये अंत्यविधि-व्यावसायिकांचे परवाने अनावश्यक म्हणून बंद केले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथील पेनरोझ या गावातील एका इमारतीत सु. १९० कुजलेली प्रेते आढळली. त्यांपैकी काही चार वर्षे तशीच पडून होती. २०२४ मध्ये राज्याने परवानापद्धती पुन्हा स्वीकारली आणि १ जानेवारी २०२७ पासून परवाना सक्तीचा करण्याची तसेच नियमित तपासणीची तरतूद केली. दोन्ही प्रकरणांत प्रश्न शवसंलेपनातील कौशल्याचा नव्हता. प्रेत कोणाच्या ताब्यात आहे व त्या ताब्यावर कोणाची नजर आहे, हा होता.

दहनाचा प्रसार व भारताशी संबंध : अमेरिकेतील पहिले आधुनिक दहनगृह डॉ. फ्रान्सिस लेमॉइन याने पेनसिल्व्हेनियातील वॉशिंग्टन या गावी बांधले. तेथे ६ डिसेंबर १८७६ रोजी बॅरन द पाम याच्या प्रेताचे दहन झाले. मृत्यूनंतर काही महिने हे प्रेत संलेपन करून राखून ठेवावे लागले होते. या दहनाची व्यवस्था करणारा कर्नल हेन्री ऑल्कट हा थिऑसॉफिकल सोसायटीचा संस्थापक असून १८७९ मध्ये तो मुंबईस आला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दहनाचे प्रमाण वाढत गेले व २०१६ च्या सुमारास ते निम्म्यावर पोहोचले. त्यामुळे शवसंलेपनाचे महत्त्व घटले असून अनेक राज्यांत व्यवस्थापकाच्या परवान्यासाठी त्याचे शिक्षण सक्तीचे असावे काय, असा वाद चालू आहे.

भारतात शवसंलेपकांचा असा स्वतंत्र परवानाधारक व्यवसाय निर्माण झाला नाही. हे काम मुख्यतः वैद्यकीय महाविद्यालयांतील शारीर विभागांत होते. मुंबई शारीर अधिनियम, १९४९ हा कायदा बेवारशी प्रेते शिक्षणासाठी मिळावीत म्हणून करण्यात आला. विमानाने परदेशी वा परदेशातून प्रेत न्यावयाचे असल्यास मात्र शवसंलेपनाचा दाखला लागतो. अमेरिकेत मृत्यू पावलेल्या मराठी व्यक्तीचे प्रेत मायदेशी आणावयाचे असो किंवा तेथेच दहन करून केवळ अस्थी आणावयाच्या असोत, तिच्या कुटुंबाला स्थानिक व्यवस्थापकाकडेच जावे लागते. मंत्राग्नी देण्याचा अधिकार पुत्राचा वा कन्येचा असला, तरी दहनयंत्राचा ताबा परवानाधारकाकडे असतो. अनेक दहनगृहांत आप्तांना उपस्थित राहून यंत्राची कळ दाबण्याची मुभा देण्यात येते.